या प्रवासात मनमाड कुठं?

मित्रांनो, मला ओळखायला तुम्हाला थोडा वेळ लागेल, कारण माझ्यासारखे आता आपल्या भागात फारसे उरलेले नाहीत. मी एक जुना गेज आहे. गेज म्हणजे रेल्वेच्या दोन रुळांमधले अंतर तपासायचा लोखंडी दांडा. माझ्या दोन्ही टोकांना कानासारखे एकेक ठोकळे आहेत. एक कान एका रुळाला आतून टेकवायचा आणि दुसरा कान समोरच्या रुळाला अलगद लागतो का ते पाहायचे. लागला, तर रूळ जागेवर आहेत. फट राहिली, तर रूळ सरकले आहेत. एवढेच माझे काम. पण वरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीतली माणसे त्या कामाच्या भरवशावर झोपत असत.

माझ्या दोन कानांमधले अंतर बरोबर एक मीटर. त्या काळी आपल्या छत्रपती संभाजीनगरावरून जाणारी लाइन तेवढ्याच रुंदीची होती. लोक तिला छोटी लाइन म्हणत. मनमाडला ती मोठ्या लाइनीला भेटायची, पण तिच्यात मिसळायची नाही. छोट्या गाडीची चाके मोठ्या रुळांवर बसणार कशी? म्हणून मुंबईला जाणारी माणसे मनमाडला उतरत, ट्रंका, गाठोडी आणि झोपलेली पोरे उचलून घेत आणि पलीकडच्या गाडीत जाऊन बसत. आपल्याकडच्या जुन्या माणसांना प्रवास म्हटला की अजून आधी मनमाड आठवते ते त्यामुळे.

रेल्वेच्या कारखान्यात घडून मी मुकुंदवाडीच्या गँगमध्ये आलो. गँग म्हणजे रुळांची देखभाल करणारी टोळी. तिचे मुकादम होते कचरू. उंच, सडपातळ आणि बोलायला थोडे तिखट. त्यांच्याबरोबर मुख्तार असायचे, घण चालवण्यात पटाईत. कचरू मला रुळांवर ठेवत, मान तिरपी करून पाहत आणि म्हणत, "मुख्तार, जरा आत घे." मुख्तार घण मारत. मग मी पुन्हा रुळांवर. उन्हाळ्यात लोखंड इतके तापायचे की मला फडक्यात धरावे लागायचे. एकदा एक साहेब ट्रॉलीवरून तपासणीला आले. त्यांच्या हातात चहाचा पेला होता. आमचा तुकडा संपला तेव्हा ते म्हणाले, "मुकादम, चहा सांडला नाही." कचरूंनी ते कौतुक माझ्याकडे बघत ऐकले. निदान मला तरी तसे वाटले.

मग मोठी लाइन आली. सोय झाली, मनमाडची उतरचढ संपली, लोकांना आनंद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण छोटे रूळ उचलून मोठे टाकायचे काम आमच्याच गँगकडे आले. ज्या हातांनी कचरूंनी ते रूळ वर्षानुवर्षे जागेवर ठेवले होते, त्याच हातांनी त्यांना ते उपटावे लागले. माझे माप आता कशालाच बसत नव्हते. मी भंगारात गेलो. पुढे एके दिवशी भंगारवाल्याच्या हातगाड्यावर कचरूंनी मला पाहिले आणि खांद्यावर टाकून घरी आणले.

घरी मी दाराला आतून लावायचा अडणा झालो. कधी कपडे वाळत घालायला, तर कधी पापडांच्या चादरीवर वजन म्हणून. शेवटी गच्चीवर दोडक्याचा वेल चढवायला मला उभे बांधले. मला वाटायचे, माझे माप जगातून संपले. कचरूंनाही तसेच वाटायचे. छोटे रूळ उचलले तेव्हापासून ते रेल्वेत बसलेच नाहीत. मनमाडला बहीण दिली आहे, तरी ते एसटीने जात.

आता कचरूंना घरात सगळे आबा म्हणतात. त्यांचा मुलगा कृष्णा वाळूजच्या कंपनीत आहे, नेहमी रात्रपाळीत. सून सुलेखा शाळेत भूगोल शिकवते आणि नात अपेक्षा सहावीत आहे. सुलेखाने एका वर्षी ठरवले की दिवाळीच्या सुट्टीत रेल्वेने अनेक देशांतून प्रवास करायचा. इथून रेल्वेने मुंबई, विमानाने बँकॉक आणि मग पुढे सगळे रुळांवरून: थायलंड, लाओस, चीन आणि शेवटी व्हिएतनाम. ती म्हणायची, "वर्गात नकाशावर सीमा म्हणून लाल रेघ काढते. ती ओलांडताना जमीन कशी दिसते, हे मला एकदा खिडकीतून बघायचंय."

संध्याकाळी गच्चीवर चटई टाकून तिची तयारी चालायची. कोणत्या देशाचा व्हिसा आधी काढायचा, कुठे रात्रीची गाडी घेतली म्हणजे झोपही होईल आणि अंतरही कापले जाईल, कुठे दिवसाची घ्यायची म्हणजे डोंगर दिसतील, हे ती अपेक्षाला समजावून सांगायची. वेलाआडून मीही ऐकायचो. मला ते ऐकायला फार आवडे. मित्रांनो, प्रवासाची आखणी हा अर्धा प्रवासच असतो, आणि तो माझ्यासारख्या बांधून ठेवलेल्यालाही करता येतो.

पण सगळी आखणी एका जागी अडली होती. आबा पासपोर्टच काढायला तयार नव्हते.

"आबा, फोटो काढायला उद्या याल का? सकाळी नेते, दुपारपर्यंत परत."

"मला कशाला वढता? तुम्ही दोघी जा. माझे गुडघे आता माझं ऐकत नायत."

"गुडघ्यांचं मी बघते. खालचे बर्थ घेणार आहे."

"खालचा असू दे नायतर वरचा. रेल्वेत मी बसत नसतो, तुला ठावं हाय."

शेजारचे मुख्तारचाचा, म्हणजे गँगमधले तेच घणवाले मुख्तार, रोज संध्याकाळी चहाला येत. ते भिंतीला टेकून म्हणाले, "क्या मुकादम, पूरी उमर रेल की रोटी खाया और अब रेल से रूठके बैठा. मनमाडकू भी लाल डब्बे से जाता. शादी में दूल्हे का फूफा भी इत्ता नहीं रूठता."

"तू गप चहा पी. लई साखर घातलीय त्यात, तुझी सून बघंल."

अपेक्षा हसली, पण सुलेखा हसली नाही. ती शांतपणे म्हणाली, "आबा, ह्यांची रात्रपाळी असते. तुम्हाला इतके दिवस रात्री घरात एकटं ठेवून मी जाणार नाही. तुम्ही नसाल, तर हा बेत आपण सोडून देऊ. आठवडाभरात काय ते सांगा. त्यानंतर पासपोर्ट, व्हिसा काहीच वेळेत होणार नाही."

आबा उठले. चहाचा कप तसाच ठेवून खाली गेले.

तो आठवडा सरत आला. सुलेखाने नकाशाची घडी घालून ठेवली होती. ती रागावली नव्हती. पण संध्याकाळी गच्चीवर येऊन नुसतीच दोडकी तोडून खाली जायची.

एके संध्याकाळी अपेक्षा खडू घेऊन वर आली. प्रवास होवो न होवो, तिला शाळेच्या प्रदर्शनासाठी त्याचे चित्र काढायचे होते. आधी गच्चीवर मोठे काढून बघू, मग कागदावर, असे तिचे ठरले होते. तिने भारत, थायलंड, लाओस, चीन, व्हिएतनाम अशी नावे लिहिली आणि प्रत्येकापुढे दोन दोन समांतर रेघा ओढल्या. सगळ्या सारख्याच अंतराच्या.

सुलेखा दोडकी तोडायला आली होती. सवयीने तिची नजर गेलीच. "अपेक्षा, हे असं सारखं नसतं गं. प्रत्येक देशात रुळांची रुंदी वेगळी असू शकते. थांब, बघून सांगते." तिने फोन काढला. "आपली मोठी लाइन सगळ्यांत रुंद. चीनची आपल्यापेक्षा अरुंद, पण तीही मोठीच. आणि थायलंडची..." ती वाचता वाचता थांबली. "थायलंडची एक मीटर."

"एक मीटर म्हणजे केवढं? पट्टी एवढीशीच आहे माझी."

मुख्तारचाचा भिंतीशी बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला. उठून ते वेलापाशी आले, सुतळी सोडली आणि मला मोकळे केले. कितीतरी वर्षांनी माझ्या कानांना वारा लागला. "ये ले, बिटिया," ते म्हणाले. "ये बराबर एक मीटर है. तेरे दादा की कसम."

अपेक्षाने मला थायलंडपुढे आडवे ठेवले आणि दोन्ही कानांपाशी खडूने खुणा केल्या. त्या खुणांवरून तिने दोन रेघा ओढल्या. मित्रांनो, त्या रेघा खडूच्या होत्या, तरी त्यांच्यामध्ये मी अगदी जागेवर बसलो होतो. असे बसणे मी विसरूनच गेलो होतो.

जिन्यात आबा उभे होते. ते कधी आले, कोणालाच कळले नाही.

"काय म्हणाली तू? थायलंडात किती?"

"एक मीटर, आबा. आपली छोटी लाइन होती तेवढीच. आणि व्हिएतनाममध्ये पण."

"जुनी असंल. मोडीत काढलेली."

"नाही. रोज गाड्या धावतात. रात्रीच्या, झोपायच्या. बँकॉकहून निघते ती नदीवरचा पूल ओलांडून लाओसमध्ये जाते, ती याच लाइनीवरून."

आबा हळूहळू खाली बसले, गुडघ्यावर हात टेकत. त्यांनी मला उचलून पुन्हा त्या रेघांवर ठेवले आणि पूर्वीसारखी मान तिरपी करून पाहिले. मग बोट उचलून लाओसपासून चीनकडे नेले.

"अन् चीनची मोठी म्हणालीस. मग छोटी गाडी चीनला जाणारच नाय." त्यांनी वर पाहिले. "सुलेखा, या प्रवासात मनमाड कुठं?"

सुलेखा त्यांच्यासमोर बसली. तिने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले की कपाळ, हे मला नीट दिसले नाही. "व्हिएंतियान," तिने खडूने गोल केला. "लाओसची राजधानी. चीनची मोठी लाइन इथवर येते. छोटीचं स्टेशन वेगळं, मोठीचं वेगळं. मध्ये गाडी करून जायचं. म्हणून तिथं एक रात्र मुक्काम ठेवलाय, म्हणजे धावपळ नको. आणि दुसरं मनमाड इथं, चीन संपून व्हिएतनाम लागतं तिथं. तिथं पूल ओलांडला की पुन्हा छोटी."

"दोन मनमाडं," आबा म्हणाले. "सामान कमी घ्या मग. ट्रंक बिंक नको."

 मग मुख्तारचाचा म्हणाले, "मगर मुकादम, पहले मुंबई जाना पडता. मोठ्या लाइन से. छोटीकू मिलना है तो मोठी में बैठना पडता."

"बसतो की," आबा म्हणाले. "तुझ्या घणाचेच रूळ हायत ना ते? सांभाळून बसंन."

दुसऱ्या दिवशी फोटो काढला गेला. मित्रांनो, पुढच्या आखणीत आबांनी फारशी ढवळाढवळ केली नाही. कोणता व्हिसा, कोणते तिकीट, सगळे सुलेखानेच पाहिले. त्यांनी फक्त एक काम केले. माझ्या एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत सुतळी ताणली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि ती गुंडाळी सदऱ्याच्या खिशात ठेवली. मला नेता आले नसते. मी लोखंडाचा, जड, आणि विमानात मला कोण बसू देणार? अपेक्षाने विचारले, "सुतळी कशाला, आबा?" ते म्हणाले, "हातात माप असलं की परकं गाव परकं वाटत नाय."

लक्ष्मीपूजन आटोपून दुसऱ्याच दिवशी ते निघाले. ती गाडी स्टेशनातून सुटली तेव्हाची शिट्टी मी गच्चीवरून ऐकली.

काही दिवस गेले. एका सकाळी मुख्तारचाचा जिना चढून वर आले. झाडांना पाणी घालायचे काम त्यांच्याकडे होते. पण त्या दिवशी त्यांनी पाण्याला हातच लावला नाही. फोन काढून माझ्यासमोर धरला, जसा माणसाच्या समोर धरतात.

"देख," ते म्हणाले. "तेरा भाई."

फोटोत एका लहान स्टेशनचा फलाट होता. फलाटावर आबा उभे होते, हातात गाठी मारलेली सुतळी ताणून धरलेली. त्यांच्या शेजारी थायलंडच्या रेल्वेतला एक कामगार होता, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर रुंद हसू. आबांना त्याची भाषा येत नव्हती, त्याला आबांची येत नव्हती. चाचांनी सांगितले, आबांनी त्याला नुसती सुतळी दाखवली होती. त्याने ती पाहिली, हसला आणि खोलीत जाऊन आपला दांडा घेऊन आला होता. पिवळा रंग दिलेला, दोन्ही टोकांना कान असलेला. सुतळीच्या गाठी त्याच्या दोन कानांना बरोबर लागल्या होत्या.

मी त्या फोटोकडे बराच वेळ पाहत राहिलो. चाचांनीही हात खाली केला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणी तरी असेल. एखादे अवजार, एखादे यंत्र, किंवा कोपऱ्यात गप्प बसलेले माणूस. आता याचा काय उपयोग, असे म्हणण्याआधी त्याला एकदा मोकळे करा आणि विचारा, तुझे माप काय आहे. आपल्या गावात जे संपले, ते जगात संपलेच असेल असे नाही. आणि लांबच्या प्रवासाला निघाल तेव्हा घरातल्या मोठ्यांना त्यांचे मनमाड जरूर विचारा. त्यांना रस्ता ठाऊक नसला, तरी कुठे उतरून ओझे उचलावे लागते, ते ठाऊक असते.

आबा परत आले त्या संध्याकाळी त्यांनी मला तेल लावून पुसले आणि ती सुतळी माझ्या मधोमध बांधली. दोडक्याच्या वेलाला आता बांबू आहे. मी आबांच्या खाटेशेजारी भिंतीला टेकून असतो. मनमाडच्या बहिणीकडे भाऊबिजेला जायचे राहून गेले होते. त्यासाठी परवा ते सकाळी निघाले, तेव्हा त्यांच्या हातात रेल्वेचे तिकीट होते.