न उघडलेलं तोंड

वलगावात कोणाची दाढ ठणकली, की माणसं सुंदराबाईच्या ओसरीवर जात. दहा वर्षांच्या वर्षालीलाही तिच्या आईने, दीपमालाने, तिथेच नेलं. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी अमरावतीच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली होती. पण वरची दाढ काढली की डोळे जातात, हे दीपमाला लहानपणापासून ऐकत आली होती.

सुंदराबाईने परातीत पाणी ओतलं. मधोमध दगडावर तापलेलं लोखंड ठेवून त्यावर भुईरिंगणीच्या काटेरी झुडपाचं तेलकट बी टाकलं आणि भोकाचं मडकं पालथं घातलं. भोकात पपईचा पोकळ देठ. वर्षालीने त्यातून धूर दाढेला घेतला. मडकं उचललं, तर पाण्यावर बारीक, पांढऱ्या, वळलेल्या अळ्या तरंगत होत्या.

"पाह्य, काय पोसून राहिली होती तोंडात. खाय अजून चॉकलेटं," सुंदराबाई म्हणाली. "माह्या विमलच्या दाढेतून तं याच्याहून जास्त निघाल्या होत्या."

विमल तिची मुलगी. दाढ साफ केल्यावर आठवड्याभरातच तापाने गेलेली.

वर्षालीचा ठणका थांबला. पण ती शांतता तिला आवडेना. जीभ लावली, की दाढेच्या भोकात कोणी दबा धरून बसल्यासारखं वाटे. पाचव्या दिवशी गाल टम्म फुगला, डोळ्याखालची कातडी ताणून चकाकू लागली.

"एखादी राहिली असंन," म्हणत सुंदराबाईने भर दुपारी पुन्हा परात मांडली. वर्षालीने देठ ओठांशी नेला, पण जबडा उघडेचना. धूर वरच्या वर विरून गेला.

सुंदराबाईने मडकं उचललं. पाण्यावर अळ्या होत्या. तशाच, पांढऱ्या, वळलेल्या.

दीपमालाने परातीवर वाकून पाहिलं.

"मावशी," दीपमाला हळूच म्हणाली, "पोरीनं तं तोंडच उघडलं नाही. मंग ह्या कोणाच्या?"

सुंदराबाईने एक अळी नखावर घेतली. तिला अजून तापून फुटलेल्या बियाचं टरफल चिकटलेलं होतं.

"दीपमाले, आटो बलाव. आत्ताच अमरावतीले ने हिले."

दवाखान्यात पू काढला. आणखी एक दिवस गेला असता तर सूज डोळ्यापर्यंत चढली असती, असं डॉक्टर म्हणाले. "दातात अळी नसतेच, बाळा. गोड खाऊन चूळ भरली नाही, की दातांवर बसलेल्या चिकट थरात जंतू वाढतात आणि दात पोखरतात." चार दिवसांनी दाढ काढली. डोळे होते तसेच राहिले.

त्या संध्याकाळी दोघी परतल्या, तेव्हा सुंदराबाई ओसरीवर रिकामी परात मांडीवर घेऊन बसली होती.

"वर्षाली," तिने विचारलं, "मंग माह्या विमलच्या तोंडात काय राहून गेलं होतं वं?"

वर्षालीच्या दातांखाली कापूस होता. तिने तोंड उघडलं नाही.