टेप बदलली, बॅकअप तपासला

सहा टेपा. सोमवार ते शनिवार. पाठीवर माझं अक्षर, निळी शाई.

एक हजार एकशे त्रेसष्ट दिवस.

"अगं, तुला घड्याळाचा गजर बंद करता येत नाही, तू साहेबांची जागा काय सांभाळणार?" नवरा म्हणाला. गजर त्यानेच लावला होता.

अठरा अंश. मशीनला उकडू नये म्हणून माणसाने कुडकुडायचं.

लोक फार जन्माला येतात, म्हणून डिस्क भरली.

आता जुळवून सांगते.

आमचं कार्यालय जन्ममृत्यूच्या नोंदींचं. अख्ख्या शहराचे जन्म युनिक्स प्रणालीच्या एका सर्व्हरवर ठेवलेले, आणि तो सर्व्हर साहेबांचा. म्हणजे कार्यालयाचाच, पण साहेब बायकोला "घरचे" म्हणतात आणि सर्व्हरला "माझा". तो एकदाही बंद न पडता किती दिवस चालला, हा आकडा साहेब रोज सकाळी फळ्यावर एकाने वाढवत. आकडा सर्व्हर स्वतःच सांगतो. साहेबांचा खडूवर जास्त विश्वास.

माझं काम टेपेचं. रात्री सर्व्हर आपोआप सगळ्या नोंदींची नक्कल टेपेवर उतरवतो. सकाळी मी ती टेप काढायची, त्या दिवसाची घालायची आणि रजिस्टरात सही करायची. रजिस्टरात रकाने दोन. पहिला: टेप बदलली. दुसरा: बॅकअप तपासला. नेम असा की महिनाअखेरीला साहेब चष्मा पुसून दुसरा रकाना वरपासून खालपर्यंत एका बैठकीत भरून टाकत.

साहेब निवृत्त व्हायला आले. जागेला उमेदवार दोघं: मी आणि साहेबांचा सख्खा भाचा. मला ती मिळाली नाही तर माझी रवानगी तळघरात, फाटक्या फायलींना दोरे बांधायला. भाचेबुवांनी कार्यालयात येऊन आधीच साहेबांच्या खुर्चीची उंची बदलून घेतली होती.

नियम म्हणून दोघांनाही पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. भाचेबुवा पहिल्या दिवशी आले, पिशवी घेतली, पेन घेतलं, गेले. मी राहिले, रोज सकाळी आधी कार्यालयात टेप बदलून. शिकवणाऱ्या बाई माझ्या भाचीच्या वयाच्या, पण जीभ माझ्या सासूची.

"लक्षात ठेवा," तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "युनिक्सला वाटतं तुम्ही शहाणे आहात. म्हणून तो विचारत नाही. पुस म्हटलं, पुसतो. त्याच्या लेखी टेपचं यंत्रसुद्धा एक फाइल. त्या नावावर लिहा म्हटलं, लिहितो. त्या नावाचं यंत्रच नसेल, तर त्या नावाची साधी फाइल तयार करतो आणि तिच्यात लिहितो. चूं करत नाही."

मी हात वर केला. "बाई, यंत्र बदललं आणि नव्याचं नाव वेगळं असलं, पण हुकूम जुन्याच नावाने सुटत राहिला तर?"

"तर टेप कोरी. डिस्क मात्र फुगत जाईल." त्या हसल्या. "पण इतकं कोण झोपेल?"

आमचं टेपचं यंत्र बदललं होतं. ते बसवायला सर्व्हर बंद केला होता, त्यालाच एक हजार एकशे त्रेसष्ट दिवस होत आले होते.

सोमवारी मी गुपचूप बघितलं. यंत्रांच्या नावांच्या यादीत, जिथे कुणालाच वजन नसतं, तिथे जुन्या यंत्राचं नाव हत्तीएवढी फाइल होऊन बसलं होतं. मी साहेबांकडे गेले.

"साहेब, एखादी टेप वाचून बघू या का?"

"टेप म्हणजे काय वर्तमानपत्र आहे, रोज वाचायला?"

"डिस्क पण भरत आलीय."

"लोकांना सांगा, मुलं कमी काढा."

बुधवारी परीक्षा. समोर साहेब आणि कार्यालयाच्या प्रमुख बाई. भाचेबुवांना साहेबांनी विचारलं, "सर्व्हर किती दिवस चालू आहे?" भाचेबुवांनी मान वळवून फळा वाचला. "शाब्बास!"

मग मी. "माझ्या जन्मवर्षाची फाइल पुसतो," साहेब म्हणाले. "कालच्या टेपवरून परत आण."

"आधी दुसरीकडे एक नक्कल ठेवू या, साहेब."

"कशाला? टेप आहे ना!" आणि साहेबांनी पुसली. युनिक्सने विचारलं नाही.

मी मंगळवारची टेप घातली, नव्या नावाने वाचली. काही नाही. सोमवारची. काही नाही. शनिवारची.

"टेपही वाचता येत नाही हिला," भाचेबुवा म्हणाले.

प्रमुख बाई पुढे झुकल्या. "म्हणजे साहेबांचा जन्म गेला? अहो, मग यांना निवृत्त कुठल्या तारखेने करायचं?"

साहेबांनी घाम पुसला, अठरा अंशांत.

मी त्या हत्तीचं नाव टाइप केलं आणि फाइल त्यातून उपसून काढली. साहेब पुन्हा जन्मले. "ही एकाच रात्रीची नक्कल आहे बाई, आणि तीही याच डिस्कवर. टेपा तीन वर्षं कोऱ्या आहेत."

"रोज सही कोण करतं?" साहेब गरजले आणि त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे आपटलं. "हे बघा! हिचीच!"

"माझीच. टेप बदलली, म्हणून. ती मी रोज बदललीय." मी बोट शेजारच्या रकान्यावर सरकवलं. "तपासल्याची सही कोणाची, ते बाईंनी वाचावं."

बाईंनी पानं उलटली. बराच वेळ उलटत राहिल्या. साहेब फळ्याकडे बघत होते.

निकाल दुपारीच लागला. जागा मला. साहेबांना मानपत्र, अखंड सेवेबद्दल. त्यात फळ्यावरचा आकडा अक्षरी. झाल्या प्रकाराची वाच्यता नको, असा तोंडी हुकूम. आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून एक नवं पद, बॅकअप तपासनीस: दुसऱ्या रकान्यात सही करायला. त्यावर भाचेबुवा.

मी पहिल्या संध्याकाळी बॅकअपच्या हुकमातलं यंत्राचं नाव बदललं, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला आणि फळ्यावर शून्य लिहिलं. भाचेबुवांनी विचारलं, हे कुणाला दिसणार तर नाही ना? मग त्यांनी आपली नवी खुर्ची खाली केली आणि अख्ख्या महिन्याच्या सह्या करून टाकल्या.

नवं यंत्र बसवलं त्या दिवशी मेकॅनिकने त्याचं नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवलं होतं; तो कागद मला खणात सापडला, आणि त्यावर कपाचा गोल डाग आहे.