पट्टीखालचा गंज

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी नळ आहे. म्हणायला एक, पण पाय मात्र चार. गाडीच्या इंजिनातून धूर बाहेर पडायला चार भोकं असतात. त्या प्रत्येक भोकाला माझा एकेक पाय चिकटलेला असे, आणि चारही पाय वळणं घेत घेत खाली येऊन एका तोंडात मिळत. आमच्या जपानमधल्या सकाता गावाकडच्या गॅरेजांत मला ‘ताको-आशी’ म्हणतात. ताको म्हणजे ऑक्टोपस, आणि आशी म्हणजे पाय.

मी गाडीबरोबर जन्माला आलो नाही. त्या छोट्या पांढऱ्या गाडीला कारखान्यातून आलेला नळ जाडजूड आणि मंद होता. म्हाताऱ्या इवाओने तो काढून टाकला आणि मला स्वतःच्या हातांनी घडवलं. नळ्यांत वाळू ठासून त्यांना वाकवलं, म्हणजे वळणावर त्या चेपत नाहीत. त्याची मुलगी मिझुहो त्याच्याच गॅरेजात काम करायची. गाडी तिचीच होती.

ती तेव्हाच म्हणाली होती, “बाबा, नळ स्टेनलेसचा करूया ना. समोर समुद्र आहे.”

“स्टेनलेस डब्यासारखं वाजतं,” इवाओ म्हणाला. “लोखंडाला घसा असतो, पोरी. घसा!”

मला बसवताना बापलेकीने मधले नट आधी आवळले, मग कडेचे. इंजिन एकदा तापवून, पुन्हा गार करून, सगळे नट परत एकदा आवळले. मग मी पहिल्यांदा मोकळ्या गळ्याने गायलो, तेव्हा शेजारचा मासेवाला हातातला सुरा घेऊन बाहेर आला. “इवाओ, काय वाघ पाळलास का रे?” त्या दिवशी माझी छाती फुगली. समुद्रकाठच्या रस्त्यावर मिझुहो आणि मी किती हिंडलो म्हणून सांगू!

मग मिझुहोला मुलगी झाली, नागी. गाडीत मागच्या बाकावर लहान मुलांची खुर्ची आली. मिझुहो हळू चालवू लागली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मागच्या खुर्चीतून कोणी आपल्या आवाजावर गुणगुणतंय, हे सुख वेगळंच असतं.

बोलायला लागल्यावर नागीने पहिली चौकशी माझीच केली. “आजोबा, ऑक्टोपसला आठ पाय असतात. याचे चारच कसे?”

“बाकीचे मी भाजून खाल्ले.”

“मग याला थंडी वाजत असेल!”

इवाओ खोखो हसला. पण त्याच आठवड्यात त्याने काचेच्या धाग्यांची खरखरीत पट्टी आणली आणि माझे पाय वरपासून खालपर्यंत गुंडाळले. तशी पट्टी शर्यतीच्या गाड्यांनाही लावतात. नळाची धग बाहेर पडत नाही आणि इंजिन जोमात राहतं. इवाओची बोटं तर इतकी नेटकी की वेढ्यावर वेढा पाव बोटही सरकला नाही.

मिझुहोला मात्र ते पटलं नाही. “उन्हाळ्यापुरतं ठीक आहे, बाबा. थंडीत बर्फ वितळावा म्हणून घाटावर मीठ टाकतात. ही पट्टी खारं पाणी पिऊन बसेल.”

“मीठ लावलेला रावस वर्षभर टिकतो,” इवाओ म्हणाला. “मग लोखंड का टिकणार नाही?”

मिझुहोही हसली. पट्टी राहिली.

येणारे जाणारे वाकून बघायचे आणि वाहवा करायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची! आत काय चाललं होतं ते मलाच ठाऊक. रस्त्यावरचं खारं पाणी पट्टीत मुरायचं, मी तापलो की निम्मं उडायचं आणि मीठ माझ्या अंगाला चिकटून राहायचं. उघडा असतो तर वाऱ्याने सुकलो तरी असतो. ओल्या दुपट्यात गुंडाळून ठेवलेल्या बाळासारखी माझी गत झाली. माझी कातडी पापुद्र्या पापुद्र्याने सुटू लागली, आणि बाहेरून मी तसाच सुबक दिसत होतो.

पुढे सकाळी गाडी सुरू केली की माझ्यातून ‘टिक टिक’ असा आवाज येऊ लागला.

“बाबा, ऐकलंत?”

“गरम झाला की थांबतो ना? लोखंड फुगतं, फट मिटते. वय झालंय त्याचं, सांधे बोलतात.”

ते खरं होतं. गरम झालो की मी गप्प व्हायचो. म्हणून कोणी माझी पट्टी सोडली नाही.

थंडीतल्या एका दुपारी मिझुहो नागीला दातांच्या डॉक्टरकडून परत आणत होती. वाट भातशेतांच्या मधून जाणारी, सरळसोट. आमच्याकडे थंडीत आभाळातून पडणाऱ्या बर्फापेक्षा जमिनीवरचा बर्फ वाईट. समुद्रावरून वारा सुटला की तो पडलेला बर्फच उचलून तोंडावर फेकतो. त्या दिवशी तसंच झालं. पुढच्या ट्रकचे लाल दिवे दिसेनासे झाले, पुन्हा दिसले, आणि जागच्या जागी थांबले. आम्हीही थांबलो.

“आई, घर कुठे गेलं?”

“वाऱ्याने झाकलंय. हा भाताचा मुटका खा, तोवर सापडेल.”

मिझुहोने इंजिन चालू ठेवलं. कोणतीही आई तेच करेल. बाहेर हाडं फोडणारी थंडी, आणि आत हीटरची ऊब. गाडीच्या कडेने बर्फ चढू लागला. आधी चाकांपर्यंत, मग दारांपर्यंत.

आणि तेव्हा, मित्रांनो, पट्टीच्या आत माझा तिसरा पाय फाटला.

फट नव्हे, चांगलं भोक पडलं. धूर मागे जायचा सोडून तिथूनच बोनेटखाली साचू लागला. एरवी तो खालून निघून गेला असता, पण बर्फाने चहूबाजूंनी भिंत घातली होती. हीटर काचेखालून हवा ओढत होता, आणि त्या हवेबरोबर माझा धूर ओढत होता. त्या धुरात एक विष असतं. त्याला ना रंग, ना वास. ते माणसाला झोपवतं, आणि उठू देत नाही.

मी जिवाच्या आकांताने वाजत होतो. पण वाऱ्यापुढे माझं काय चालणार? त्यात पट्टीने माझं तोंड दाबून धरलेलं. ज्या गळ्याचा मला गर्व होता, त्यातून नुसती ‘टिक टिक’ निघत होती.

नागी गाणं म्हणत होती. मग नुसतं गुणगुणू लागली. मग तेही थांबलं.

मिझुहोने कपाळ चोळलं. “डोकं कसं ठणकतंय,” ती स्वतःशीच म्हणाली. “नागी, मुटका संपव ना.”

“नको. मळमळतंय.”

“दातावरच्या औषधाने असेल. झोप जरा.”

नको, नको! मी ओरडत होतो. झोपवू नकोस तिला! टिक टिक, टिक टिक. मिझुहोचीही मान खाली येत होती. तिने हीटर एक घर वाढवला.

मागून जड, लडबडत्या जिभेने नागी म्हणाली, “आई... ताको खोकतोय.”

“खोकू दे. म्हातारा झालाय. गरम झाला की...”

मिझुहो मध्येच थांबली. तिची मान वर आली. तिने तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. इंजिन केव्हाचं तापलेलं होतं.

“गरम आहे,” ती पुटपुटली. “गरम आहे, तरी खोकतोय.”

तिने किल्ली फिरवली. मी गप्प झालो. तेवढी सुखाची शांतता मी कधी अनुभवली नाही. तिने काच खाली केली, बर्फ आत कोसळला. दार उघडेना. एका खांद्याने, मग दोन्ही पायांनी लाथा मारून तिने ते वीतभर ढकललं. “नागी! नागी, डोळे उघड! गाणं म्हण! म्हण म्हणते ना!” नागीला कोटाच्या आत छातीशी धरून ती वाऱ्यात शिरली. मला दिसलं ते इतकंच. पुढचा ट्रक पाचपन्नास पावलांवर होता, पण त्या पांढऱ्या अंधारात माणूस हातभर अंतरावर वाट चुकतो. दोघी पोचल्या की नाही, हे मला कळणार कसं? मी गार होत गेलो आणि एकेक पापुद्रा गळताना ऐकत राहिलो.

पोचल्या होत्या. ट्रकवाल्या काकांनीच हे नंतर गॅरेजात येऊन इवाओला सांगितलं. ते फावडं घेऊन आपल्या ट्रकचं धुराचं तोंड मोकळं करत होते, तेवढ्यात त्यांच्या पाठीवर कोणीतरी आदळलं. “मला वाटलं अस्वल आलं! तर ही पोरगी. म्हणते, काका, माझी मुलगी झोपतेय, तिला झोपू देऊ नका. मग काय, आम्ही तिघंही बेसूर गात बसलो. काच बोटभर उघडी ठेवून.” रस्ता मोकळा झाल्यावर नागीला दवाखान्यात नेलं, नाकाला प्राणवायू लावला, आणि दुसऱ्या दिवशी तिने भात मागितला.

इवाओने हे सगळं ऐकलं. मग गाडीखाली गेला आणि माझी पट्टी सोडू लागला. सोडता सोडता माझं अंगच त्याच्या हातात येऊ लागलं. तिसऱ्या पायातल्या भोकात त्याचं बोट सहज आत गेलं. ते त्याने बराच वेळ बाहेर काढलं नाही.

“नवा कशाचा करायचा?” शेवटी त्याने खालूनच विचारलं.

“स्टेनलेस. लोहचुंबक चिकटत नाही ना, त्या जातीचं. मीठ त्यालाच जास्त सोसतं,” मिझुहो म्हणाली. “पत्रा जाड घ्या, पातळ तडकतो. आणि नटही स्टेनलेसचे. पट्टी नाही.”

“डब्यासारखं वाजेल.” हे त्याने सवयीने म्हटलं. आवाजात जोर नव्हता.

“वाजू दे, बाबा. डबा तर डबा. आत माझी पोर बसते.”

तो गाडीखालून बाहेर आला आणि पान्हा तिच्या हातात ठेवला.

नवा नळ बसला. पहिल्यांदा तापवायच्या आधी इवाओने त्याच्यावरचे बोटांचे ठसे एकेक करून पुसले, कारण राहिले तर ते जळून कायमचे उमटतात. आवाज खरंच थोडा डब्यासारखा आहे. आता दर शिशिर सरला की मिझुहो गाडी वर उचलते, खालचं मीठ पाण्याने धुते आणि नळावर बोटं फिरवून बघते.

मला भंगारात दिलं नाही. मी गॅरेजात खिळ्याला टांगलेला आहे, उघडा, भोकासकट. कोणी पट्टी गुंडाळून द्या म्हणत आला की इवाओ मला खाली काढतो. “इथे बोट घाला,” म्हणतो. गिऱ्हाईक हसतं, बोट घालतं आणि विचारतं, “कोणाच्या गाडीचा हा?”

“माझी नात होती त्यात,” एवढंच तो सांगतो.

मित्रांनो, मी तर लोखंड, माझं झालं ते झालं. पण तुमच्या घरीही पुष्कळ गोष्टी मायेने झाकलेल्या असतील. झाका, जरूर झाका. फक्त मधूनमधून ते पांघरूण काढा, खाली वाकून बघा, हात फिरवा. आणि रोजच्या ओळखीचा आवाज एखाद्या दिवशी नको त्या वेळी आला, तर हातातलं काम टाकून आधी तो ऐका.