अरुंद दारातून

नकाशे काढण्यात तिचा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं. भिंत, खिडकी, जिना, सगळं कसं मापात. म्हणून सगळे तिला पट्टीच म्हणत. या पट्टीच्या डोक्यात ऐन चाळिशीत गेम बनवायचं खूळ शिरलं. कोडिंग शिकू की चित्रं, आवाज शिकू की पात्रांच्या हालचाली, या घोळात ती धड एकही शिकेना.

शेवटी गेमच्याच धंद्यातल्या मावसबहिणीनं तिचे कान उपटले. सगळीकडे हात मारू नकोस, जे येतं त्यावरच जोर दे, घरं उभी कर आणि बाकीचं तयार घे. एका कंपनीत जागा होती, त्यांनी नमुना मागवला होता. पट्टीला ती नोकरी मनापासून हवी होती.

तिनं गेममध्ये स्वतःचंच घर उभं केलं, गेल्या वर्षी वडील जिथे वारले ते. त्यात चालायला फुकटात मिळणारा एक करडा माणूस आणून सोडला. तो पहिल्याच दारात अडकला. बहीण पोट धरधरून हसली. गेममधली दारं खऱ्यापेक्षा मोठी ठेवायची असतात, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणाली. पट्टीनं मापं मात्र खरी घेतली होती, आणि या घराची दारं बदलायला तिचा हात धजेना. उद्या बघू म्हणून तिनं ते तसंच ठेवलं.

सकाळी चहा घेता घेता तिनं गेम उघडला. करडा माणूस दारात आडवा वळला, चौकटीवर उजवा हात टेकवला आणि डावा पाय ओढत आत आला. पुढच्या दारातही तेच. अर्धांगाचा झटका आल्यापासून वडील याच दारांतून असेच जात. बहिणीला विचारलं, तर तिनं शपथेवर सांगितलं की तिनं फाइलला बोटही लावलेलं नाही.

पट्टीला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. तिनं नमुना पाठवून दिला.

कंपनीतल्या मुख्य बाईंनी घराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "घरं काढणारे पुष्कळ आहेत," त्या म्हणाल्या. "हे चालणं कुठे शिकलात? अशी आणखी दहा माणसं करून द्या, जागा तुमची."

खरं सांगून कोण विश्वास ठेवणार होतं? देते, म्हणाली ती.

घरी येऊन, त्याच्याकडून आणखी चाली मिळतात का ते बघायला, तिनं एक नवं घर उभं केलं, ऐसपैस, परकं, आणि करड्या माणसाला त्यात सोडलं. तो हातानं चौकट शोधत राहिला. एवढ्या मोठ्या दारात टेकायला काही लागेना. फिरून फिरून तो त्याच कोपऱ्यात यायचा आणि स्क्रीनकडे तोंड करून थांबायचा. शेवटी शेवटी वडीलही असेच थांबत, कुणी हाक मारेपर्यंत. जन्मभर आपल्यासाठी राबलेल्या माणसाला आपण मेल्यावरही राबवतोय, या विचारानं तिला रडू फुटलं.

तिनं बहिणीला फोन लावला आणि हालचाली शिकवणारा चांगला वर्ग कुठला ते विचारलं. तोवर ती नोकरी थांबेल होय, असं बहीण म्हणाली. नाही थांबली तर राहिलं, असं सांगून तिनं फोन ठेवला आणि स्क्रीनजवळ तोंड नेलं.

"बाबा, चालायचं मी शिकते," ती म्हणाली. "तुम्ही बसा आता."

त्या तयार माणसाला बसता येतच नव्हतं, तशी हालचाल त्यात कुणी घातलेलीच नव्हती. त्यानं भिंत धरली, आधी उजवा गुडघा वाकवला आणि तो हळूहळू खाली बसला.