दोन बोटं जाड

"हा नको," खटपटे काकांनी काउंटरवरचा नवाकोरा लॅपटॉप मागे सरकवला. "तो वरच्या फळीवरचा वापरलेला काढा."

दुकानदार चाचरला. "पण काका, हा तुमच्या मुलीने पसंत केलाय. त्यांनी स्वतः..."

"तिला काय कळतंय त्यातलं!"

शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काकांची सगळी नोकरी झाली. मोडीत निघालेल्या संगणकांवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालून ते चालते ठेवायचे, म्हणून सगळे त्यांना खटपटे काका म्हणत. निवृत्तीनंतर घरी त्यांचे हात शिवशिवू लागले, तेव्हा मुलीने हा लॅपटॉपचा घाट घातला. आता काकांनी जुना लॅपटॉप उलटा केला, स्क्रू पाहिले, बॅटरी काढून पुन्हा बसवली आणि त्यांची कळी खुलली. नव्यात सगळं चिकटवलेलं, जुन्यावर लिनक्स कसं झकास चालतं, हे त्यांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही ऐकवलं. मग स्वारी ऐटीत घरी आली.

मुलगी बॅगांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. नुकतीच कामावरून आली होती. काकांनी लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला.

"अगं, नवा नुसता दिखाऊ. त्यावर लिनक्स धड चालेल का, कुणी बघितलं होतं?"

"मी बघितलं होतं, बाबा. तुमचा लिनक्सचा पेनड्राइव्ह नेला होता दुकानात. त्यांच्याकडून चालवून घेतलं. वायफाय, आवाज, सगळं तपासलं."

दुकानदार हेच सांगत होता, हे काकांच्या आत्ता लक्षात आलं.

बायकोने आतून एक निळी बॅग आणून त्यांच्यापुढे ठेवली. मऊ अस्तर, दुहेरी शिलाई. "ही त्या नव्याचं माप घेऊन आली होती. तुम्ही फिरायला गेलात की शिवायला बसायची."

काकांनी लॅपटॉप बॅगेत सरकवला. चेन निम्म्यावर अडली. जुना लॅपटॉप चांगला दोन बोटं जाड होता. चारचौघांत मुलीबद्दल आपण काय बोललो ते आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी आत्ता बदलून आणतो."

"वापरलेला माल परत घेत नाहीत. पाटी आहे तिथे."

पाटी त्यांनी वाचली होती. वाचून हसलेही होते, आपण कशाला परत करायला येतोय!

मुलीने ब्लेड घेतलं आणि बॅगेची शिवण उसवायला लागली. "मध्ये पट्टी घालते. मग मावेल."

"राहू दे गं. मी साध्या पिशवीत ठेवीन."

"पिशवीत कशाला?" तिने मान वर केली नाही. "चांगला आहे ना पण तो?"

"चांगला आहे," काका कसेबसे म्हणाले. तो खरंच चांगला होता आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटत होती.

ती उसवत राहिली. काका तिच्या पायाशी बसले आणि फरशीवर पडलेले निळे दोरे एकेक करून वेचू लागले.