धाकट्या नेलकटरचा कबुलीजबाब

माझ्या दादाला कुठे टाकलं? सगळ्यांना विचारून झालं. उत्तर कुणीच दिलं नाही. नेलकटरला कोण उत्तर देतं म्हणा.

मी मनोरुग्णालयात, बायकांच्या वॉर्डात असतो. दादा आणि मी एकाच डबीतून आलो. तो मोठा, पायांच्या नखांचा, मी हातांच्या. दर रविवारी आमचं काम. दादा विचार करून कापायचा. मला ते जमलं नाही. दिसलं की तोडलं.

एका रविवारी दादाची खीळ तुटली. मोठ्या सिस्टर त्याला उचलून घेऊन गेल्या. "नवीन मागवू," एवढंच म्हणाल्या. नर्स सोडून गेली तरी त्या हेच म्हणतात.

त्या वेळी नव्या सिस्टरला नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. तिच्या खिशात राजीनामा तयार होता. मी त्याच खिशात असायचो.

त्याच दिवशी ती वॉर्डातल्या मूठमावशींपाशी बसली. या मावशींनी आल्यापासून उजवी मूठ उघडली नव्हती. नखं तळव्यात रुतत होती.

"नको तर नको, मावशी. मी बसते नुसती. पायांचे तुकडे पडलेत."

अर्ध्या तासानं मूठ उघडली. आणि दादाला नेल्याच्या रागात मी नखाबरोबर कातडीही धरली. रक्त आलं. सिस्टर थप्पड खायच्या तयारीनं डोळे मिटून बसली.

"रडतेस काय?" मावशी म्हणाल्या. "चार राहिलीत. ती काय तुझी आई येऊन कापणार?"

सिस्टर रडता रडता हसली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फॉर्म आला : नव्या नर्स इथे का टिकतात? पर्याय तीन : पगार, वसतिगृह, चहा. बराच विचार करून सिस्टरनं चहावर खूण केली. आठवड्यात चहाचं मशीन आलं. दादाच्या जागी मात्र अजून कुणी नाही.

आता माझीही धार गेली आहे. उद्या मला टाकतील. दादा असेल तिथेच टाका, एवढंच मागणं.

आज सिस्टर पुन्हा मावशींसमोर बसली. नर्सला नखं वाढवायची मनाई; पण राजीनामा अजून खिशात होता, नोकरी सोडायचीच म्हणून तिनं ती वाढवली होती, रंगवलीही होती. रुग्णाच्या हातात धारदार वस्तू द्यायची नाही, असा नियम आहे. तिनं मला मावशींच्या हातात दिलं.

"हलू नकोस," मावशी म्हणाल्या.

दहाच्या दहा नखं मी काढली. अंगठ्याचं सगळ्यात शेवटी.