काहिलीनं नेला माझा मान

गावात मला थोरली विहीर म्हणतात. कोडोलीच्या अलीकडं, उसाच्या रानात मी आहे. आत उतरायला चौदा दगडी पायऱ्या आणि पोटात बारमाही झरा. आज बोलायला बसलेय ती एक तक्रार घेऊन. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची लोखंडी काहील तुम्ही पाहिली असेल. तसल्या एका काहिलीवर मी जळते. गळ्यापर्यंत पाण्यानं भरलेली असूनही जळते.

मला खोदलं तेव्हापासून गावातले गणपती माझ्यातच यायचे. कुंभारानं ओढ्याकाठच्या मातीचे केलेले, वीतभर उंचीचे. दुसऱ्या दिवशीपर्यंत ते विरघळून जायचे. माझ्या शेजारच्याच रानात बनाबाई राहते. रोजची पहिली घागर तिची. विसर्जनाच्या दिवशी सकाळीच ती माझ्या वरच्या पायरीला हळदी-कुंकू लावायची. आपल्यासारखी दुसरी कुणी नाही, असं मला वाटायचं.

नव्वद सालानंतर शहरातून प्लास्टरचे गणपती यायला लागले. मोठे, चकचकीत, सोनेरी मुकुटांचे. मी हरखून गेले. माझा मान वाढला, असंच मी समजले.

ते विरघळत नाहीत, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. मी गप्प बसले. पाण्यावर रंगाचा तवंग यायला लागला. मासे उलटे तरंगले. एकदा बनाबाईच्या म्हशीनं माझ्या पाण्याला तोंड लावलं, फुरफुरली आणि मान फिरवून उभी राहिली. तरी मी गप्पच.

नव्व्याण्णवच्या वैशाखात पाणी तळाला गेलं, तेव्हा गाळ काढायला ज्ञानू उतरला. गावातला पट्टीचा पोहणारा तो. गणपती खोल नेऊन सोडायचं काम दरवर्षी त्याचंच. कमरेएवढ्या चिखलात त्यानं हात घातला आणि एकेक मूर्ती वर द्यायला लागला. संध्याकाळपर्यंत काठावर चाळीसेक गणपती झाले. कुणाचा हात गेलेला, कुणाची सोंड. मुकुटाचा सोनेरी रंग मात्र तसाच.

बनाबाई बघत बघत एका मूर्तीसमोर थांबली. पदरानं तिनं मूर्तीचं तोंड पुसलं.

"ह्यो आमचा न्हवं? सात वर्सं झाली की ह्येला निरोप देऊन. म्हंजी ह्यो गेलाच न्हाय?"

ज्ञानू चिखलानं माखलेला तसाच खाली बसला. "मीच सोडलता, आक्का," एवढंच म्हणाला.

त्याच पावसाळ्यात देवळासमोर बैठक झाली. गुऱ्हाळवाला आकाराम म्हणाला, "माझी काहील दिवाळीपतोर पालथीच पडलेली असती. घासून आणतो. मातीचं गणपती करूया आन् तिच्यात सोडूया."

"देव काय गुळाच्या काहिलीत बुडवायचा व्हय?" तालीम मंडळाचा अध्यक्ष पिराजी उसळला.

"मग काय चिखलात गाडायचा?" बनाबाई म्हणाली. विषय संपला.

काहील आली, आणि ठेवली कुठं तर माझ्याच काठावर! तिला आंब्याची पानं बांधली. हलगी कडाडली. एका बाजूला कुंभार बसून पोरांकडून मातीचे गणपती करून घेत होता. निर्माल्यासाठी वेगळा खड्डा, आणि विरघळलेली माती रस्त्याकडेच्या रोपांना. अख्खं गाव लोटलं होतं. बनाबाईनं हळदी-कुंकू लावलं, ते काहिलीला. माझ्याकडं तिची पाठ होती.

मनात म्हटलं, फुटो मेली.

दरवर्षी हेच म्हणत राहिले. तोवर माझं पाणी निवळलं होतं, मासे परत आले होते, म्हैस पुन्हा पोटभर पीत होती. ते मी मोजलंच नाही. विसर्जनाचा एक दिवस तेवढा मोजला.

आणि दोन हजार चार साली काहील खरंच गळली. ऐन विसर्जनाच्या वेळी बुडाला भोक पडलं आणि पाणी भसाभसा वाहून गेलं. लोक हातात गणपती घेऊन उभे. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

"चला रं, हिर हाय की हितं!" पिराजी ओरडला. त्याच्या मंडळाचा गणपती अजून प्लास्टरचाच होता, छातीएवढा. चौघांनी तो उचलला आणि पहिली पायरी उतरले. दुसरी उतरले. मी ये, ये म्हणत होते. माझ्या तळात काय होणार हे ठाऊक असून म्हणत होते.

तिसऱ्या पायरीवर बनाबाई येऊन बसली.

"आक्का, बाजूला हो. एका वर्साचा तर सवाल हाय."

"समदी असंच म्हणत हुती, पिराजी. जायाचं तर माझ्या अंगावरनं जा."

मला तिचा इतका राग आला! पिराजीनं खाली पाहिलं. पाण्यातली सातवी-आठवी पायरीसुद्धा दिसत होती, आणि तिच्यावरून मासे चालले होते. त्यानं मूर्ती खांद्याशी सावरली. मग म्हणाला, "मागं फिरा."

आकारामनं साबणाची वडी मळून भोकात दाबली. काहील पुन्हा भरायची तर पाणी माझंच. माणसांची रांग लागली. सगळ्यांत खाली, गुडघाभर पाण्यात पिराजी उभा राहून बादल्या भरून देत होता. त्याचा गणपती नुसता काहिलीत टेकवला आणि देवळात नेऊन ठेवला. पुढच्या वर्षी त्यानं मातीचा आणला.

आता बनाबाई थकली आहे. तिला पायऱ्या उतरवत नाहीत. विसर्जन झालं की ज्ञानू तिला माझ्या पाण्याचा तांब्या भरून देतो. ती सगळ्यांसमोर घटाघटा पिते आणि म्हणते, "ग्वाड हाय."

काहिलीतलं पाणी कुणी पीत नाही. एवढं मला पुरतं. जवळजवळ पुरतं. हलगी वाजली की अजून जळते, खोटं कशाला बोलू? तुमच्याही गावात एखादी विहीर, एखादं तळं असंच रुसून बसलं असेल. बसू द्या. आम्ही मागू ते सगळं आम्हाला देत जाऊ नका.